पहिला ग्लास माझा

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. रेखालाही नाही. रेखा माझी बायको. माझं पोट कधी बिघडणार हे तिला माझ्या आधी कळतं, पण हे कळलेलं नाही. की कळलंय, आणि ती गप्प आहे? कधीकधी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती माझ्याकडे बघत राहते, तेव्हा मला तसं वाटतं. मग ती काहीतरी साधंच विचारते, दूध आणलंत का वगैरे, आणि मी सुटतो.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही समोर नाही म्हणून. समोर असतात तर मी काहीतरी विनोद करून विषय बदलला असता. त्यात मी पटाईत आहे. माणसांना हसवत ठेवलं की ती फार खोलात शिरत नाहीत, हे मला फार पूर्वी कळलंय.

मी शिरूरला राहतो. रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे — म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट उचलायचे, डोळ्यांसमोर फिरवायचे आणि नापास करायचे. मला हे काम मनापासून आवडतं. दुसऱ्याची चूक पकडताना जो एक बारीक आनंद होतो ना, तो मला रोज मिळतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी कसला माणूस आहे याबद्दल तुमची फसगत व्हायची नाही.

आणि मला बिअरचा नाद. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष, अर्ध्या रांजणगावाला आहे. तसला नाही. शिफ्ट सुटल्यावर हायवेच्या कडेला गाडी लावून जी स्ट्राँग बाटली घशात ओततात, ती मीही ओतली आहे. पण एकदा कंपनीतल्या मित्राबरोबर पुण्यात एका टॅपरूमला गेलो. तिथं बिअर तिथल्या तिथंच बनवतात, मागं मोठ्या स्टीलच्या टाक्या दिसतात आणि नळातून ग्लास भरून देतात. गव्हाची बिअर होती, ढगाळ, पिवळी. मी ग्लास नाकाशी नेला आणि मला चक्क केळ्याचा वास आला. पिकलेलं, सालीवर काळे ठिपके पडलेलं केळं, आणि मागून लवंग. मी तिथल्या माणसाला विचारलं, यात केळं घातलंय का? तो हसला. म्हणाला, केळं नाही, लवंगही नाही, ही सगळी यीस्टची करामत. पण पहिल्याच वासाला ओळखणारं गिऱ्हाईक फार कमी वेळा येतं.

झालं. त्या एका वाक्यावर माझी पुढची कितीतरी वर्षं गेली. महिन्याच्या एका रविवारी नवं टॅपरूम शोधायचं, हा आमचा नेम झाला. बाणेर झालं, मुंढवा झालं, सुट्ट्या टाकून गोवा झालं, बंगळूर झालं. संत्र्याची साल घातलेली, कोकमाची, आंबट, धुरकट, एकदा तर चक्क चिंचेची. मी प्रत्येक ग्लास हुंगायचो आणि बोलायला लागायचो, आणि टेबलावरची माणसं गप्प होऊन ऐकायची. 'फेसाळ' नावाचं एक पान सुरू केलं, त्यावर व्हिडिओ टाकायला लागलो. नवं काही उघडलं की लोक मला विचारून जायला लागले. मित्र मला 'नाकाडे' म्हणायला लागले. माझं आडनाव काही वेगळंच आहे, पण खरं सांगतो, मला नाकाडेच जास्त आवडायचं.

नितीन या सगळ्यात माझ्या बरोबर होता. शाळेपासूनचा मित्र. त्याच्या डोक्यात हे असं भिनलं की त्यानं शिरूरच्या बाहेर, हायवेला लागून, स्वतःचंच टॅपरूम काढलं. जागा त्याच्या चुलत्यांची, म्हणजे आप्पांची. आप्पा सोसायटीचे जुने चेअरमन, गावात शब्दाला वजन असलेले, आणि दारूच्या नावानं कपाळाला आठी घालणारे. पण नितीननं डोकं लढवलं. म्हणाला, आपल्या रानातल्या बाजरीची बिअर करू. बाजरी भाजायची, तिचा काळा गडद रंग आणायचा. पहिल्यांदा ती काळी बिअर निघाली तेव्हा आप्पांनी ग्लास उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "बाजरी आपली हाय, मग प्यायला लाजायचं कशाला?" आणि ताक पितात तसा उभ्यानं, एका दमात ग्लास रिकामा केला.

तिथून ती रीत पडली. दर रविवारी दुपारी नवीन पिंप उघडायचं. ते लोक केग म्हणतात, स्टीलचं पिंपच ते. उघडल्यावर पहिला ग्लास माझा. मी चाखायची आणि "लावा" म्हणायचं. दुसरा ग्लास आप्पांचा, एका दमात. मग गिऱ्हाइकांना. कंपन्यांतले साहेब लोक, सणसवाडीहून येणारी इंजिनियर पोरं, सगळे ही गंमत बघायला खुर्च्या वळवून बसायचे. "नाकाडे, तू चाखल्याबिगर एक थेंब भाईर जानार न्हाई," असं नितीन सगळ्यांसमोर ओरडून सांगायचा. मला ते फार आवडायचं.

बिअर बनवायची वैशाली. दौंडची. मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, पुण्यात एका ब्रुअरीत हाताखाली काम केलेली. नितीननं तिला आणलं तेव्हा गावात कुजबुज झाली — बाईमाणूस, आणि त्यात कोणाची. आप्पा सुरुवातीला तिच्या हातचा ग्लास घेत नसत. तोंडानं काही बोलत नसत, नुसते थांबत, आणि मग म्हणत, "नितीन, तू भर रं." तिला ते कळायचं. ती बाजूला सरकायची, नळ पुसायला लागायची. एकदा मला म्हणाली, "दादा, माझी बिअर चालते, मी चालत नाही." हसत म्हणाली. मीही हसलो.

पण पुढं एका रविवारी नितीन फोनवर होता आणि आप्पांनी हात पुढं केला. तिनं भरलेला ग्लास तिच्या हातून घेतला, प्यायले, आणि मिशा पुसत म्हणाले, "झकास झालीया, पोरी." वैशाली नळापाशी पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. त्या दिवसापासून आप्पांचा ग्लास तीच द्यायची. तिचं स्वप्न होतं की कधीतरी दौंडला स्वतःचं छोटंसं टॅपरूम काढायचं, दारावर स्वतःचं नाव लावायचं. सगळी हिंमत तिनं त्या एका ग्लासावर बांधली होती, असं मला आता वाटतं.

इथपर्यंत सगळं बरं आहे. इथं थांबता आलं असतं तर?

त्या मोठ्या साथीत मला ताप आला. सगळ्यांनाच आला. वास गेला, तोही सगळ्यांचाच गेला होता. इतरांचा आला. माझा आला नाही.

सुरुवातीला मी वाट बघितली. सकाळी उठून आधी चहा हुंगायचो, मग अत्तराची बाटली, मग हिंगाची डबी. काही नाही. रेखा विचारायची, "आलं का नाक?" एक दिवस मी म्हणालो, "आलं." का म्हणालो? तिची काळजी वाढू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. त्याच दिवशी नितीनचा फोन येऊन गेला होता — टॅपरूम पुन्हा उघडतंय, रविवारी ये, तुझ्याशिवाय पिंप उघडणार नाही. नाकाडेचं नाक गेलं म्हटल्यावर नाकाडे कोण राहतो? क्वालिटीतला एक माणूस. बस्स.

आणि मी गेलो. पहिल्याच ग्लासाला कळलं की हे जमण्यासारखं आहे. बिअरचा रंग दिसतो, फेस दिसतो, जिभेला कडू-आंबट लागतं. बाकीचं सगळं लोकच सांगतात. वैशालीला विचारायचं, "या वेळी काय वेगळं केलंस?" ती उत्साहानं सांगायची, आणि तेच मी डोळे मिटून, थोडं थांबून, माझ्या शब्दांत परत करायचो. लोक माना डोलवायचे. कधीकधी तर जे त्यात नव्हतंच तेही मी सांगितलं — शेवटी थोडी कॉफी येतेय बघा — आणि चांगली शिकलेली माणसं पुन्हा घोट घेऊन म्हणाली, हो हो, येतेय. तुम्हाला हसू येईल. मलाही यायचं.

पण काहीतरी येणार आहे, हे मला तेव्हापासून जाणवत होतं. वास नसलेल्या माणसाला धोका आधी कळत नाही. तो थेट पुढ्यात उभा राहतो. एकदा मी घरी सोफ्यावर मोबाइल बघत बसलो होतो. रेखा भाजी घेऊन आली, दारातच थबकली, पिशवी टाकून धावत आत गेली आणि सगळ्या खिडक्या उघडत सुटली. गॅस चालू राहिला होता. घर भरलं होतं. "तुम्हाला येत नव्हता वास?" तिनं विचारलं. मी म्हणालो, सर्दी झालीय. ती माझ्याकडे बघत राहिली. तेच बघणं. त्या दिवशी मी पान बंद करायला हवं होतं, नितीनला सांगायला हवं होतं. मी काय केलं? संध्याकाळी एका नव्या टॅपरूमबद्दलचा व्हिडिओ टाकला.

नंतर नाक परत आलं, पण उलटं. भाजलेलं, करपलेलं, काळं काहीही समोर आलं की मला गटाराचा वास यायचा. सडलेलं. कॉफी प्यायची बंद झाली. आणि बाजरीची काळी बिअर — आप्पांची बिअर — ती तर नुसती समोर आली तरी मी श्वास रोखून धरायचो. मग मी एक युक्ती काढली. ग्लास तोंडाला लावायचा, ओठ मिटून. मान मागं करायची. गळ्याची घाटी हलवायची. डोळे मिटायचे. "वा. लावा." आणि मग ग्लास हातात घेऊन, व्हिडिओ काढायच्या निमित्तानं मागच्या बाजूला जायचं. तिथं नितीननं पुदिन्याचा वाफा केला होता. त्यात ग्लास ओतून द्यायचा.

कितीतरी रविवार हे चाललं. कुणाला संशय आला नाही. पहिला ग्लास कशासाठी असतो, हे मी विसरून गेलो होतो. तो माझ्या कौतुकासाठी आहे, असंच मला वाटायला लागलं होतं. तो त्यासाठी नसतो. पिंपं धुवायला कॉस्टिकचं पाणी वापरतात. साबणासारखं बुळबुळीत, पण कातडं सोलून काढील असं. ते साध्या पाण्यानं पुन्हापुन्हा धुऊन काढावं लागतं. कुणाकडून राहून गेलं, तर ते पकडायला शेवटचा माणूस म्हणजे चाखणारा. पहिला ग्लास म्हणजे तपासणी. आणि तपासणी हाच माझा धंदा. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता मी त्या रविवाराकडे आलोय. आणखी कुठं वळता येतंय का, हे बघतोय. येत नाही.

आदल्या दिवशी पिंपं धुताना लाईट गेली होती. उन्हाळ्यात आमच्याकडे जाते. पंप बंद पडला, अंधारात शेडमध्ये उकडायला लागलं, सगळे बाहेर येऊन बसले, लाईट आल्यावर पुन्हा आत गेले. कुठलं पिंप धुऊन झालं आणि कुठलं राहिलं, यात घोळ झाला असणार. वैशालीकडून झाला की नितीनकडून? तो तिला घाई करत होता, हे मी ऐकलं होतं. मला माहीत नाही आणि त्याला अर्थही नाही. घोळ कधी ना कधी होणारच होता. म्हणून तर माझा ग्लास होता.

रविवारी दुपारी शेड गच्च भरलेली. बाहेर ऊन पांढरं झालेलं. काळ्या बिअरचं पिंप नळाला जोडलं. वैशालीनं माझा ग्लास भरला. फेस नेहमीसारखा बसला नाही, भसाभसा वर आला आणि विरला. मला दिसलं. मी क्वालिटीत आहे, मला दिसतं. तिलाही दिसलं असावं, कारण ती म्हणाली, "दादा, आज जरा नीट बघा हं. फेस वेगळा वाटतोय."

तिनं सांगितलं होतं. हे मी आत्तापर्यंत स्वतःच्या मनातही स्पष्ट म्हटलेलं नाही. तिनं मला सांगितलं होतं.

मी ग्लास तोंडाला लावला. ओठ मिटलेले. मान मागं. आणि खालच्या ओठाला झोंबलं. किंचित, मिरचीचा हात लागावा तसं. एक क्षण मी थांबलो. सगळे माझ्याकडे बघत होते, नितीननं मोबाइल धरला होता, आप्पा हात पाठीमागं बांधून त्यांच्या ग्लासाची वाट बघत होते. काहीतरी चुकलंय, हे मला कळलं. मला कळलं! काय चुकलंय ते बघायला तोंड उघडून खराखुरा घोट घ्यावा लागला असता. ते गटार तोंडात घ्यावं लागलं असतं, कदाचित सगळ्यांसमोर थुंकावं लागलं असतं, आणि मग कुणीतरी विचारलं असतं, काय झालं रे नाकाडे?

मी म्हणालो, "वा. लावा."

आणि ग्लास घेऊन मागं गेलो. पुदिन्यात ओतत होतो तेव्हा आतून टाळ्या ऐकू आल्या. आप्पा एका दमात प्यायले की लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या मध्येच थांबल्या. मग खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग एक आवाज आला, तो माणसाचा होता हे कळायला मला वेळ लागला.

ते मी सांगत नाही. एका दमात पिण्याची सवय नसती तर आप्पा पहिल्या घोटालाच थांबले असते, एवढंच सांगतो.

पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये, कॉरिडॉरमध्ये, नितीन माझ्या दोन्ही खांद्यांना धरून उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते. "तू प्यायलास न्हवं आधी? तुला काय झालं न्हाई. मग आप्पांस्नी कसं?" बाजूला वैशाली भिंतीला टेकून उभी होती. तीही माझ्याकडेच बघत होती. तिच्या डोळ्यांत आशा होती, हे मला अजून दिसतं. मी काय म्हणतो यावर सगळं ठरणार होतं, आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मी म्हणालो, "मी प्यायली तेव्हा नीट होती."

मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण त्यानंतर मला ते परत घ्यायला आजतागायत रोज संधी होती. तुम्हीच बघा, त्या वाक्याचा अर्थ काय होतो? पहिला ग्लास नीट आणि दुसऱ्यात कॉस्टिक. म्हणजे मधल्या वेळात काहीतरी झालं. आणि मधल्या वेळात नळ कुणाच्या हातात होता? नितीननं मान वळवून वैशालीकडे बघितलं. हळूहळू बघितलं. मी जमिनीकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॅपरूमवर गेलो. नितीननं घाबरून पिंपातलं सगळं मागच्या ओढ्यात सोडून दिलं होतं. शेड बंद होती, नळाखाली माश्या घोंगावत होत्या. मी मागं गेलो. पुदिन्याचा वाफा जिथं मी ग्लास ओतला होता तिथं काळा पडला होता. पानं चिकट होऊन मातीला बसली होती, उकडल्यासारखी. बाकीचा वाफा हिरवागार. म्हणजे पहिल्या ग्लासातही तेच होतं. ज्याला डोळे आहेत त्याला दिसलं असतं. आणि वैशाली दुपारी तिचं सामान घ्यायला येणार होती.

मी खाली बसलो आणि पुदिना उपटला. काळा, हिरवा, सगळाच. मुळांसकट. माती उकरून पसरली. पिशवीत भरून घोड नदीच्या पुलावरून टाकून दिला. हात झोंबत होते. खालच्या ओठाचं कातडं निघत होतं. रेखानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, उष्णतेनं ओठावर जर उठलाय.

वैशालीनं दोन दिवसांनी फोन केला. एकच प्रश्न विचारला. "दादा, तुम्ही खरंच प्यायला होता ना?" मी म्हणालो, "अगं, सगळ्यांसमोर प्यायलो की." ती "बरं," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पुढचं गावानं केलं. मला काही करावं लागलं नाही. चूक झाली असती तर लोक चूक म्हणाले असते. पण माझ्या वाक्यानंतर ती चूक राहिली नाही. आप्पा तिच्या हातचं पीत नव्हते, ते तिच्या मनात होतं, तिनं डाव धरला — हे पारावर, हॉटेलात, कंपनीच्या बसमध्येसुद्धा बोललं गेलं. तिच्या वस्तीतली चार माणसं दौंडहून येऊन नितीनला भेटली, पोरीला असं बदनाम करू नका म्हणाली, तर त्याचाही अर्थ लोकांनी उलटाच लावला. माझ्यासमोर एकजण तिच्या जातीचं नाव घेऊन बोलला, ते मी ऐकून घेतलं. चहा पीत होतो, पीत राहिलो. नितीननं पोलिसात तक्रार दिली नाही. परवाना गेला असता. त्याऐवजी त्यानं ज्याला त्याला फोन केले. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. पुण्यातल्या एकाही ब्रुअरीनं तिला पुन्हा दारात उभं केलं नाही. मला दोघातिघांनी खाजगीत विचारलं, तुम्ही तिथं होता, ती मुलगी कशी आहे? मी म्हणालो, मी काय बोलू. एवढं पुरतं.

आप्पा वाचले. जगले, असं म्हणू या. अन्ननलिका आक्रसली आहे, भाकरी गिळता येत नाही, पातळ पेज जाते तेवढी जाते. आवाज घासल्यासारखा झालाय. मी अधूनमधून जातो. जावंच लागतं, नाही गेलो तर लोक काय म्हणतील? ते माझा हात धरून बसवून घेतात. "तू वाचलास बाबा," म्हणतात, "तुझ्या आईबापाची पुण्याई." आणि दर वेळी, दर वेळी न चुकता विचारतात, "त्या पोरीनं आसं का केलं आसंल रं? मी तर तिला चांगलं म्हणलो हुतो." ते रागानं विचारत नाहीत. त्यांना खरंच कळत नाही. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवतो.

'फेसाळ' अजून चालू आहे. मागच्याच महिन्यात एका नव्या टॅपरूमला जाऊन आलो. मी म्हटलं, आंब्याच्या मोहराचा वास येतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या की मी आता टेबलाची कड घट्ट धरतो, एवढाच फरक पडलाय.

आणि गेल्या हिवाळ्यात दौंडला गेलो होतो, कंपनीतल्या एकाच्या मुलीच्या साखरपुड्याला. जेवणं उरकली, मी मंडपाबाहेर गाडीपाशी उभा होतो, आणि मागून हाक आली, "दादा." मी आवाज ओळखला आणि पळून जावंसं वाटलं. वैशाली होती. बारीक झाली होती. एका डेअरीत दूध तपासायच्या कामावर आहे म्हणाली, तीही बदली कामगार म्हणून. नवरीकडच्या ओळखीनं आली होती. मला वाटलं, आता ती बोलणार. तिला कळलं असणार. इतकी वर्षं विचार केल्यावर माणसाला कळतंच. मी खिशात गाडीची किल्ली चाचपली.

ती म्हणाली, "दादा, तुम्हाला एकदा भेटायचंच होतं. मी खूप विचार केला. तुम्ही प्यायलात तेव्हा नीट होती, म्हणजे ते माझ्याच हातून झालं. तुमचा ग्लास भरल्यावर मी नळाच्या तोंडावर जंतुनाशकाचा फवारा मारला होता, आठवतं? नेहमी मारायचे. शेजारी कॉस्टिकचीपण तशीच बाटली असायची. तीच उचलली असणार मी. दुसरं काही होऊच शकत नाही. मी मुद्दाम नाही केलं दादा, पण केलं मीच." ती एक पाऊल पुढं आली. "आता डेअरीत एकेक बाटली तीनतीनदा बघते, तरी घरी गेल्यावर झोप लागत नाही. आप्पांसमोर जायची हिंमत नाही होत. तुमच्यासमोर तरी बोलते. तो फवारा मी आधी मारला असता तर तुमचा घसा गेला असता. रेखावहिनींचं काय झालं असतं, याचाच विचार येतो. मला माफ करा, दादा."

मंडपात बेंजो वाजत होता. माणसं पान खात, हसत गाड्यांकडे येत होती. तिनं हात जोडले होते आणि ती रडत होती, आणि मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. फवाऱ्यानं एवढं होत नाही, हे तिला नाही तर कुणाला कळायला हवं होतं? पण माझं वाक्य खरं धरायचं म्हणून ती स्वतःचं शिक्षण खोटं धरून बसली होती.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ दे गं. चूक माणसाकडूनच होते. मी मनात काही ठेवलेलं नाही."

तिनं डोळे पुसले. किती बरं वाटलं म्हणून सांगू, म्हणाली. मी गाडी सुरू केली, काच खाली करून तिला हात केला. पाटसच्या पुढं येईपर्यंत मी गाणं गुणगुणत होतो. मी तिला माफ केलं होतं, आणि मलाही बरं वाटत होतं.